पुरुषांचे मुके दुखणे : पोटातील जंतू आणि चिनी जडीबुटी
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आरोग्यविषयक व्याख्यानांची जी माला योजली आहे, तीत एक पुष्प गुंफण्याचे काम कार्यवाहांनी माझ्यावर सोपविले. मी डॉक्टर नाही, वैद्य नाही आणि हकीमही नाही. मुलांना विज्ञान शिकविणारा शाळामास्तर आहे. तेव्हा औषध सांगण्याचा अधिकार मला नाही. परंतु अमुक औषध गुणकारी आहे असे कोणी म्हटले, तर ते म्हणणे कसे पारखावे, हे सांगणे माझ्या पेशात बसते. आजच्या बोलण्याचा हेतू तेवढाच आहे.

विषय थोडा संकोचाचा आहे. प्रोस्टेट ग्रंथीचा जुनाट दाह, हे ते दुखणे. पुष्कळ पुरुष ते वर्षानुवर्षे अंगावर काढतात. घरात सांगत नाहीत, मित्राला सांगत नाहीत, आणि डॉक्टरांकडे गेले तरी निम्मेच सांगतात. येथे भगिनीवर्ग बसला असता हा विषय काढावा की नाही, याचा मी विचार केला. शेवटी असे ठरविले की, घरातील कर्ता पुरुष चिडचिडा का झाला, रात्री चारचार वेळा का उठतो, बसप्रवास का टाळतो, हे कोडे पुष्कळदा घरातील बाईलाच पडलेले असते. तिला त्याचे उत्तर कळलेले बरे.

प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी. मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाला वेढून ती बसलेली असते. म्हातारपणी ती वाढते, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु मी ज्या विकाराबद्दल बोलत आहे, तो म्हातारपणाचा नव्हे. पन्नाशीच्या आतील पुरुषांतही तो पुष्कळ आढळतो. ओटीपोटात, जांघेत किंवा बैठकीच्या जागी दुखणे, लघवीला जळजळ, वरचेवर जावे लागणे, आणि हे सारे तीनतीन महिने न हटणे, ही त्याची खूण. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो : हा विकार म्हणजे कर्करोग नव्हे, आणि तो कोणाच्या दुर्वर्तनाचा पुरावाही नव्हे. या दोन भीतींनीच अर्धी माणसे गप्प बसतात.

१९९५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने या विकाराचे चार प्रकार ठरविले. पहिला, जंतूंमुळे एकाएकी होणारा तीव्र दाह. यात थंडी वाजून ताप येतो, लघवी अडते. अशा वेळी तात्काळ इस्पितळ गाठावे, घरगुती उपायात एक दिवसही घालवू नये. दुसरा, जंतूंमुळेच होणारा पण जुनाट. तिसरा, ज्यात दुखणे तर आहे, पण नेहमीच्या तपासणीत रोगजंतू सापडत नाही. चौथा, ज्यात दाह आहे पण त्रास काहीच नाही. त्रास घेऊन येणाऱ्या रुग्णांपैकी शंभरात नव्वदांहून अधिक या तिसऱ्या प्रकारात मोडतात. आपला विषय तोच.

आता या रुग्णाचे व्यवहारात काय होते, ते पहा. जळजळ आहे म्हणजे जंतू असणार, जंतू आहेत म्हणजे अँटिबायोटिक हवे, अशी सरळ मांडणी होते. एक कोर्स होतो, थोडे बरे वाटते. महिन्याने दुखणे परत. मग दुसरा कोर्स, मग तिसरा. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतील एका चाचणीत या मांडणीची परीक्षा घेण्यात आली. १९६ रुग्णांचे चार गट केले. एका गटाला सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक, दुसऱ्याला लघवी सुलभ करणारे टॅमसुलोसिन, तिसऱ्याला दोन्ही, आणि चौथ्याला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी दिली. कोणाला काय मिळते आहे, हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्यालाही नव्हते. सहा आठवड्यांनी हिशेब केला, तेव्हा औषध घेणाऱ्यांत आणि पोकळ गोळी घेणाऱ्यांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. यातील बहुतेक रुग्ण पूर्वी अनेक उपचार करून आलेले होते, हेही लक्षात ठेवले पाहिजे. अँटिबायोटिक वाईट, असा याचा अर्थ नव्हे. जंतू सापडले तर तेच औषध. पण जंतू नसताना तेच तेच देत राहणे म्हणजे वाट चुकलेल्या माणसाने त्याच वाटेवर अधिक जोराने चालणे होय.

मग औषधाचा मारा होतो तो कोणावर? येथे आपण दुसऱ्या विषयाकडे येतो.

आपल्या शरीरात, विशेषतः मोठ्या आतड्यात, जंतूंची एक अफाट वस्ती आहे. तिला शास्त्रज्ञ मायक्रोबायोम म्हणतात. आपण सूक्ष्मजीवसृष्टी म्हणू. २०१६ साली इस्रायलमधील शास्त्रज्ञांनी तिचा हिशेब मांडला. सरासरी पुरुषाच्या शरीरात पेशी सुमारे तीस लाख कोटी, आणि जंतू सुमारे अडतीस लाख कोटी! म्हणजे डोकी मोजली तर आपल्याच घरात आपण अल्पसंख्य आहोत. वजन केले तर मात्र हे सारे जंतू मिळून पावशेरही भरत नाहीत. यांतील बहुतेक उपद्रवी नाहीत. आपल्याला न पचणारा भाजीपाल्याचा, कोंड्याचा चोथा ते आंबवितात आणि त्यापासून काही सौम्य आम्ले तयार करतात. ती आम्ले आतड्याच्या अस्तराला पोसतात, आणि शरीराची संरक्षकशक्ती उगाच खवळू नये म्हणून तिला आवर घालतात. दाह म्हणजे याच संरक्षकशक्तीचा खवळा. तेव्हा आतड्यातील वस्ती बिघडली तर दूरच्या एखाद्या ग्रंथीत दाह टिकून राहत असेल काय, असा प्रश्न निघणे साहजिक होते.

२०१६ सालीच अमेरिकेतील क्लीव्हलँड येथील डॉक्टरांनी हा दाह असलेले २५ पुरुष आणि ते दुखणे नसलेले २५ पुरुष यांच्या आतड्यांतील जंतूंची तुलना केली. रुग्णांच्या वस्तीत जंतूंची विविधता कमी आढळली, आणि प्रेव्होटेला नावाची एक जात विशेष घटलेली दिसली. बातमी मोठी आहे. पण वर्गात मुलांना मी जे विचारतो, तेच येथे विचारतो : आधी काय झाले? जंतू घटले म्हणून दुखणे आले, की दुखण्यापायी घेतलेल्या औषधांनी जंतू घटले? की दुखण्याने खाणेपिणे बदलले, म्हणून? एका क्षणी काढलेल्या छायाचित्रावरून कोण आधी आले आणि कोण मागून, हे सांगता येत नाही. शिवाय पंचवीस माणसे म्हणजे माझा अर्धा वर्गही नव्हे. तेव्हा येथे एक दार किलकिले झाले आहे, एवढेच म्हणावे. दही खाऊन प्रोस्टेटचा दाह बरा होतो असे कोणी छातीठोकपणे सांगू लागला, तर त्याने दारातूनच परत जावे.

आता चिनी जडीबुटीकडे वळू. चीनच्या जुन्या वैद्यकात लघवीच्या जळजळीला, थेंबथेंब होण्याला 'लिन' म्हणतात. 'ओलसर उष्णता' खाली उतरली किंवा रक्त साकळून राहिले, की हे होते, अशी त्यांची उपपत्ती. सुंग राजवटीतील सरकारी औषधालयाच्या औषधसंग्रहात यावर 'बा-चंग-सान' नावाचे चूर्ण आहे, आणि तो पाठ चीनमध्ये आजही वापरात आहे. त्यातील द्रव्ये पाहिली तर आपल्याला अगदीच परकी वाटत नाहीत. एक आहे इसबगोलाच्या जातीतील एका झाडाचे बी. दुसरे जेष्ठमधाचे मूळ. तिसरी रेवाचिनी, तिच्या नावातच तिचा मुलूख सांगितला आहे.

आणि या 'चिनी' नावांचा आपल्या गोव्याशी फार जुना संबंध आहे. आपल्या आजीबाईच्या बटव्यात चोपचिनी असे. युनानी हकीम तिला चोबचीनी म्हणतात. फारसीत चोब म्हणजे लाकूड, म्हणून चीनचे लाकूड. हे मूळ चीनहून समुद्रमार्गे सोळाव्या शतकात आपल्याकडे आले. १५३४ साली गोव्यात आलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने गोव्यातच १५६३ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात या मुळीवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. हा ओर्ता अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी वैद्य म्हणून जात असे. पणजीच्या जुन्या बागेला त्याचे नाव आहे. त्याच शतकातील भावमिश्राच्या 'भावप्रकाश' ग्रंथातही ही मुळी 'द्वीपांतरवचा' या नावाने आली आहे, ती फिरंगरोगावरील औषध म्हणून. फिरंगी, हकीम आणि वैद्य या तिघांनीही ती उचलून धरली. चीनमध्ये तिचीच एक बहीण आजही मूत्रविकारांवरील काढ्यांत घालतात.

परंतु पुढची गोष्टही सांगितली पाहिजे. फिरंगरोगावर १९१० साली साल्व्हर्सान आले, १९४३ साली पेनिसिलिनचा गुण सिद्ध झाला, आणि त्या रोगावर चोपचिनी देण्याचे दिवस संपले. तीन परंपरांची साक्ष आणि शेकडो वर्षांची कीर्ती पाठीशी असूनही ते औषध त्या रोगाच्या मुळाशी पोचत नव्हते. कीर्ती म्हणजे पुरावा नव्हे. मात्र कीर्ती म्हणजे थापच, असेही नव्हे. चीनमधीलच उदाहरण घ्या. चौथ्या शतकातील गे हुंग याच्या ग्रंथात तापावर चिंगहाव या वनस्पतीचा रस सांगितला आहे. तो वाचून तू योयो या संशोधक बाईंनी १९७१ साली उष्णता न लावता अर्क काढला, त्यातून हिवतापावरचे आर्टेमिसिनिन निघाले, आणि २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. जुनी पोथी दोन्ही वेळा होती. फरक पडला तो पारख केल्याने.

आता जंतू आणि जडीबुटी यांची गाठ कोठे पडते, ते पहा. मला स्वतःला हा भाग सर्वांत मनोरंजक वाटतो. सोनामुखीने पोट साफ होते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण तिच्यातील मूळ द्रव्य तसेच्या तसे काही करीत नाही. ते मोठ्या आतड्यात पोचते, तेथील जंतू त्याचे विघटन करतात, आणि जे उरते तेच रेचक ठरते. रेवाचिनीचेही तसेच. जेष्ठमधातील गोड द्रव्यही जंतूंनी तोडल्यावरच मुख्यत्वे रक्तात शिरते. आपल्या दारुहळदीत बर्बेरीन नावाचे पिवळे द्रव्य असते. चिनी वैद्यकातील दोन प्रसिद्ध पिवळ्या औषधींतही तेच असते. पोटात घेतलेले बर्बेरीन रक्तात फारच थोडे शिरते. मग त्याचा परिणाम होतो तरी कसा, असा प्रश्न होता. २०१५ साली चिनी शास्त्रज्ञांनी दाखविले की, आतड्यातील जंतू त्याचे रूप बदलतात, ते बदललेले रूप आतड्यात शोषले जाते, आणि मग ते पुन्हा मूळ रूपावर येते.

सारांश, काढा आपण पितो, पण तो तयार करण्याचे शेवटचे काम आपल्या पोटातील जंतू करतात. एकच काढा एकाला लागू पडतो आणि दुसऱ्याला नाही, याचे एक कारण येथे असू शकेल. आणि अँटिबायोटिकचे कोर्सावर कोर्स घेऊन ज्याने ही वस्ती उजाड केली आहे, त्याच्या पोटात काढ्याचे काय होत असेल, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे. प्रोस्टेटच्या दाहाबाबत उंदरांवर असे प्रयोग चीनमध्ये झाले आहेत आणि आशादायक वाटतात. पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे.

माणसांवरचा पुरावा काय सांगतो? या विकाराचा त्रास मोजण्यासाठी १९९९ साली नऊ प्रश्नांची एक प्रश्नपत्रिका तयार झाली. दुखणे, लघवी आणि एकंदर जगणे, असे तिचे तीन भाग. एकूण गुण ४३. येथे जास्त गुण म्हणजे जास्त त्रास. सहा गुण उतरले तर रुग्णाला खरोखर फरक जाणवतो, असे मानतात. २०१९ साली जगभरच्या चाचण्यांचा जो आढावा कोक्रेन संस्थेने प्रसिद्ध केला, त्यात चिनी वनौषधींच्या सात चाचण्या, ८३५ रुग्ण होते. त्रास सरासरी तीन गुणांनी अधिक उतरला. पण पुरावा कच्च्या प्रतीचा, आणि अल्पमुदतीचा. म्हणजे शून्य नाही आणि चमत्कारही नाही.

चिनी वैद्यकाचाच दुसरा भाग म्हणजे सुया टोचण्याचा उपचार. त्याची २०२१ साली प्रसिद्ध झालेली चाचणी मात्र चांगली कसून केलेली आहे. चीनमधील दहा इस्पितळांत ४४० रुग्ण. आठ आठवड्यांत वीस वेळा उपचार. निम्म्यांना खरी टोचणी, निम्म्यांना नुसती नावापुरती. खऱ्या टोचणीने ६०.६ टक्के रुग्णांचे सहा किंवा अधिक गुण उतरले. नावापुरत्या टोचणीनेही ३६.८ टक्क्यांचे उतरले! हा दुसरा आकडा आपण सर्वांनी घरी घेऊन जावा. "अमक्याला त्या पुडीने गुण आला" असे जेव्हा आपण ऐकतो, तेव्हा तो माणूस खोटे बोलत नसतो. हे दुखणेच भरतीओहोटीचे आहे. कोणी लक्ष घातले, धीर दिला, तरी तीनांतल्या एकाला उतार पडतो. त्या पुडीचा गुण किती आणि ओहोटीचा किती, हे एकट्या माणसाच्या अनुभवावरून ठरत नाही. ते ठरविण्यासाठी दुसरा गट लागतो.

कोणी म्हणेल, पुडीने बरे वाटते ना, मग बिघडले काय? बिघडते ते असे. 'बा-चंग-सान' मध्ये 'मू-तुंग' नावाची एक वेल घालतात. पुढे त्याच नावाखाली बाजारात दुसरीच वेल येऊ लागली, ती ॲरिस्टोलोकिया या कुळातील. तिच्यातील आम्ल मूत्रपिंडे नासविते. अशाच नामसादृश्याने बेल्जियमच्या ब्रुसेल्स शहरात घात केला. तेथे वजन उतरविण्याच्या गोळ्यांत 'फांग-ची' नावाची एक मुळी घालावयाची, तिच्या जागी तशाच नावाची, पण या विषारी कुळातील मुळी गेली. १९९३ साली हा प्रकार उजेडात आला. शंभराहून अधिक रुग्णांची मूत्रपिंडे बिघडली, पुष्कळांना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. चीन सरकारने २००३ साली ती 'मू-तुंग' बंद केली. लक्षात घ्या, लघवी सुधारण्याचे औषध म्हणून जी वेल विकली जात होती, तीच मूत्रपिंडे खात होती. आपल्याकडील ईश्वरी नावाची वेल याच कुळातील आहे; नैसर्गिक आहे म्हणून निर्धोक आहे, हा भ्रम कोणी बाळगू नये.

दुसरा धोका भेसळीचा. अमेरिकेत प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी आठ वनस्पतींची एक गोळी विकली जाई. सात चिनी, एक अमेरिकन. तिच्या नावातील 'स्पेस' या लॅटिन शब्दाचा अर्थ आशा. गुणही खरोखर येई. तपासणी केली तेव्हा तिच्यात कृत्रिम स्त्रीसंप्रेरक, रक्त पातळ करणारे वॉरफरिन आणि वेदनाशामक इंडोमेथासिन सापडले. २००२ साली ती बाजारातून काढून घेण्यात आली. ज्या पुडीवर काहीच लिहिलेले नसते, तिच्यात काय काय असू शकते, याची यावरून कल्पना यावी.

तर मग करावे काय? प्रथम, बोलावे. लाजेने गमावलेल्या वर्षांना औषध नाही. लघवीची रीतसर तपासणी आणि जंतूंची कल्चर तपासणी झाल्याखेरीज अँटिबायोटिकचा कोर्स पुन्हा पुन्हा घेऊ नये. आणि डॉक्टरांनी जंतू पाहून दिला, तर तो अर्धवट सोडू नये. ताप, लघवीतून रक्त, लघवी बंद होणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. शेक, बैठकीच्या स्नायूंचे व्यायाम, बैठे काम मध्येच थांबवून उठणे, यांनी पुष्कळांना आराम पडतो. ते जाणकाराकडून शिकून घ्यावे. काढा घ्यावयाचाच झाला, तर नोंदणीकृत वैद्याकडून वा हकीमाकडून घ्यावा, द्रव्यांची नावे लिहून मागावी, आणि तो कागद डॉक्टरांना दाखवावा. जेष्ठमधासारखी साधी वस्तूसुद्धा फार दिवस घेतली तर रक्तदाब वाढविते. जो नावे लिहून देण्यास कचरतो, त्याच्या दुकानाची पायरी चढू नये. आणि एक वही ठेवावी : आज दुखणे किती, रात्री किती वेळा उठलो, काय घेतले. दोन महिन्यांनी ती वही आपणाशी खरे बोलेल. स्मरणशक्ती बोलत नाही. तिला शेवटचा दिवस तेवढा आठवतो.

शेवटी विश्वस्त मंडळींना एक विनंती. आपला ट्रस्ट औषधोपचारासाठी गरजूंना साहाय्य देतो. त्यातील काही रक्कम औषधाच्या आधी तपासणीसाठी राखून ठेवावी. शंभर गोळ्यांच्या बिलापेक्षा एका कल्चर तपासणीचे बिल भरणे हे अधिक पुण्याचे काम ठरेल. आणि आठवड्यातून एक संध्याकाळ अशी असावी की, ज्या वेळी एखादा पुरुष डॉक्टरांशी दार लोटून, पाच मिनिटे नव्हे तर अर्धा तास बोलू शकेल. पन्नास वर्षांत या ट्रस्टने अनेकांच्या घरी चुली पेटत्या ठेवल्या. काही जणांच्या मनातील कोंडमारा मोकळा करण्याचे कामही त्याच्या हातून घडावे, एवढी इच्छा आहे.